संहिता, पाठभेद आणि वीरांचा मेळा

'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अमेरिकन ॲनिमेशनपट जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांमधून प्रदर्शित झाला. त्या दहांमध्ये मराठी एक होती. चित्रकथेतील एकाच नायकाची शेकडो रूपे या चित्रपटात एकत्र येतात. त्यांपैकी एक रूप म्हणजे पवित्र प्रभाकर हा तरुण. तो मुंबई आणि मॅनहॅटन या नावांचा सांधा जुळवून कल्पिलेल्या 'मुंबॅटन' नगरात राहतो. मराठी साहित्यविचाराला ही घटना आपली वाटली नाही, यात नवल नाही. चित्रकथेला बालवाङ्मयाच्या ओसरीवर बसवायचे आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाला बाजाराच्या हवाली करायचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे.

अशा चित्रपटांच्या लोकप्रियतेची सामान्यतः दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले मानसशास्त्रीय : दुबळ्या माणसाला सामर्थ्याचे स्वप्न हवे असते. दुसरे अर्थशास्त्रीय : एका तिकिटात दहा नायक दिले की दहा प्रकारचे प्रेक्षक मिळतात. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. सामर्थ्याचेच स्वप्न पाहायचे तर एकटा नायक अधिक सोयीचा. संघात प्रत्येकाचे सामर्थ्य वाटले जाते, किंबहुना उणावते. बाजाराचे स्पष्टीकरण विक्रेत्याचा हेतू सांगते, पाहणाऱ्याचा आनंद सांगत नाही. अद्भुतरसाचा आधार घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. विस्मय पहिल्या दर्शनात असतो. हे चित्रपट तर पुनःपुन्हा पाहिले जातात आणि पाहणाऱ्याला पात्रे आधीपासूनच ठाऊक असतात. तेव्हा वीरांचा मेळा पाहण्यात नेमका कोणता आनंद आहे, हा प्रश्न मुळात वाङ्मयीन आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी हॉलिवूडइतकेच महाराष्ट्रातील काही पोथ्यांकडे आणि भिंतींकडेही जावे लागते.

अमेरिकन चित्रकथेत महानायकांचा पहिला संघ १९४० साली 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात अवतरला. त्या अंकात हे नायक एकत्र येऊन लढत नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. ते भोजनासाठी एका टेबलाभोवती जमतात आणि प्रत्येक जण आपापली कथा सांगतो. संघाचा उगम युद्धात नाही, कथनात आहे. त्याचे आद्य रूप कथेच्या पोटात कथा ठेवणाऱ्या चौकटीचे आहे आणि ही चौकट भारतीय वाचकाला परकी नाही. एकत्र लढणे पुढे आले : १९६० मध्ये 'जस्टिस लीग', १९६३ मध्ये 'ॲव्हेंजर्स', १९७३ पासून दूरचित्रवाणीवरील 'सुपर फ्रेंड्स' आणि शतक पालटल्यानंतर 'अल्टिमेट ॲव्हेंजर्स' (२००६), 'जस्टिस लीग : द न्यू फ्रंटियर' (२००८) यांसारखे थेट चित्रकथांवरून रचलेले ॲनिमेशनपट. या सर्वांतील संघाचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे गुणांची विभागणी. एक उडतो, एक धावतो, एक युक्ती योजतो. पाच पांडवांच्या कथेवर वाढलेल्या वाचकाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि मराठीपुरते पाहायचे झाल्यास पांडवांपेक्षा जवळचे उदाहरण 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथाचे आहे. धुंडिसुत मालू याने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ.स. १८१९ मध्ये, पूर्ण केलेली ही चाळीस अध्यायांची ओवीबद्ध पोथी गावोगावच्या पारायणांतून ऐकली गेली. साहित्येतिहासात मात्र तिला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. या पोथीतील प्रत्येक नाथाची जन्मकथा वेगळी आणि विलक्षण आहे. मच्छिंद्र मासळीच्या पोटी, गोरक्ष उकिरड्यावरील राखेतून, जालंदर यज्ञकुंडातून, कानिफ हत्तीच्या कानातून, रेवण नदीकाठच्या वाळूत, गहिनी मुलांच्या खेळासाठी केलेल्या चिखलाच्या पुतळ्यातून. प्रत्येकाची विद्या शाबरी परंपरेची. अस्त्रांची नावे वेगवेगळी. चित्रकथांच्या अभ्यासक ज्याला महानायकाची 'उगमकथा' म्हणतात, तिचे नऊ नमुने येथे एकापुढे एक मांडलेले आहेत.

त्याहून महत्त्वाचा आहे गोरक्ष आणि कानिफ यांच्या भेटीचा प्रसंग. दोघे अपरिचित. भेट होताच मंत्रसामर्थ्याची चढाओढ लागते. झाडावरील आंबे मंत्रबळाने खाली उतरवले जातात, तोडलेली फळे पुन्हा देठांना चिकटवली जातात. मग बोलता बोलता एकमेकांच्या गुरूंची वार्ता कळते. गोरक्षाचा गुरू स्त्रीराज्यात रमला आहे हे कानिफाला ठाऊक असते. कानिफाचा गुरू गोपीचंदाच्या नगरीत खड्ड्यात पुरला गेला आहे हे गोरक्षाला. भेट, गैरसमजातून झुंज, ओळख आणि परस्परसाहाय्य हा क्रम अमेरिकन संघकथेत इतका रूढ झाला आहे की तो तिचाच शोध आहे असे मानले जाते. मालू कवीने तो सव्वाशे वर्षे आधी वापरला आहे. प्रभावाचा प्रश्न येथे अर्थातच नाही. प्रश्न आहे तो अशा प्रसंगाने श्रोता का सुखावतो याचा. दोन स्वतंत्र कथांचे नायक समोरासमोर आल्यावर त्या दोन्ही कथा एकाच विश्वातल्या होत्या, हे श्रोत्याला पात्रांच्याही आधी उमगते. हा आनंद ओळखीचा आहे, प्रत्यभिज्ञेचा आहे. पात्रांची शक्ती हे केवळ त्याचे निमित्त.

याच पोथीत मच्छिंद्रनाथाची झुंज वेताळाशी होते, आणि वेताळ हे नाव आपल्याला विसाव्या शतकात आणून सोडते. लि फॉक यांचा 'फँटम' १९३६ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांतून सुरू झाला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि त्यातून तो भारतीय भाषांत आला. मराठीत त्याचे नाव 'वेताळ' झाले. भारतीय वाचकाला बंगालची आठवण करून देणारे मूळ देशनाम बदलून 'डेंकाली' करण्यात आले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. ही सावधगिरी संपादकीय होती. नायकाच्या नामांतरात मात्र, बहुधा अजाणता, एक मोठे सांस्कृतिक भाषांतर घडले.

फॉकचा फँटम एकाकी आहे. महाराष्ट्रातील वेताळ एकाकी कधीच नसतो. तो भूतगणांचा अधिपती. अमावास्येला त्याची पालखी निघते, ती गणांसह. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन यांनी दख्खनमधील वेताळस्थानांचे वर्णन करताना मध्यवर्ती शिळेभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळाची नोंद केली. शेंदूर फासलेले ते भोवतालचे दगड म्हणजे वेताळाचे सैनिक. गावाच्या शिवेवर उभा राहून रक्षण करणारा हा देव. एकट्या परदेशी नायकाला मराठीने जे नाव दिले, त्या नावातच एक सेना दडलेली होती.

फॉकच्या कथेतील गुपितही असेच आहे. जंगलातील लोक ज्याला अमर समजतात तो एक माणूस नसून बापाकडून मुलाकडे आलेला मुखवटा आहे. कथेचा चालू नायक त्या मालिकेतला एकविसावा. म्हणजे इंद्रजाल वाचणारा मराठी मुलगा एकाच चिन्हाखाली अनेक माणसे असू शकतात, हे तेव्हाच जाणत होता. फरक इतकाच की ती माणसे काळात एकामागून एक उभी होती. त्यांना एकाच चौकटीत एकत्र आणण्याची कल्पना पुढे यायची होती. १९८६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या ॲनिमेशनमालिकेने फँटम, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांचा संघ केला खरा. पण तो पुन्हा गुणविभागणीचाच संघ. मालिका म्हणूनही ती सामान्यच होती.

येथे चित्रांकडे वळणे आवश्यक आहे, कारण आतापर्यंतचे विवेचन कथेपुरते झाले. महानायकसंघाचे सजीव नटांनी केलेले चित्रपट विपुल आहेत. मग ॲनिमेशनपटाचे स्वतंत्र आकर्षण कशात आहे? फुलंब्रीवरून जाणारा रस्ता उत्तरेस सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जातो आणि दक्षिणेस छत्रपती संभाजीनगर ओलांडून पैठणला पोचता येते. चित्रकथनाच्या दोन अगदी भिन्न पद्धती अशा एकाच जिल्ह्यात आहेत.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या भित्तिचित्रात एकच राजपुत्र एकाच सलग दृश्यात अनेकदा येतो : महालात, रस्त्यावर, रथात, अरण्यात. पाहणारा गोंधळत नाही. पुनरावृत्ती म्हणजे कालक्रम, हा संकेत त्याला मान्य असतो. डीटर श्लिंगलॉफ आणि विद्या देहेजिया यांच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की अशा भिंतींवर प्रसंगांची मांडणी पुष्कळदा काळाच्या क्रमाने नसून स्थळाच्या क्रमाने असते. राजवाड्यातले सारे प्रसंग एका बाजूला, अरण्यातले दुसऱ्या. कथा आधी ठाऊक असल्याखेरीज हे चित्र वाचताच येत नाही.

पैठणची रीत निराळी. 'पैठण शैली' या नावाने ओळखली जाणारी आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोठ्या संख्येने जतन झालेली चित्रे ही चित्रकथींची चित्रे होत. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे. ही परंपरा जिवंत राहिली ती सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कार्यासाठी. सुट्या कागदांवरील चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र उभे धरतो, वाद्यांच्या साथीने प्रसंग गातो, चित्र बाजूला ठेवतो, पुढचे उचलतो. एका चित्रात एक प्रसंग. दोन चित्रांमधली जागा आवाजाने भरलेली. आधुनिक चित्रकथेच्या दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीचेच हे श्राव्य रूप आहे. आणि हाच समाज कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही करीत आला. स्थिर चित्र, हलती बाहुली आणि पडद्यावरची छाया या तिन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या. चित्र हलू लागले तरी ते चित्र आहे, हे या प्रेक्षकाने कधी विसरू नये, अशीच त्या खेळांची घडण होती.

ॲनिमेशनपटाचे मर्म येथेच आहे. सजीव नटांचा चित्रपट कागद पुसून टाकतो. ॲनिमेशनपट तो जपू शकतो. 'स्पायडर-मॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) या पहिल्या भागाने छपाईचे ठिपके, एकमेकांवर नीट न बसलेले रंग, विचारांचे फुगे आणि मजकुराच्या चौकटी मुद्दाम पडद्यावर आणल्या. प्रत्येक नायक आपल्या चित्रकथेच्या मुखपृष्ठासह येतो, आपली उगमकथा सांगतो आणि तीही आपल्या चित्रशैलीत : एक कृष्णधवल, एक जपानी वळणाची, एक निव्वळ प्राण्यांच्या व्यंगचित्रांची. संघातील पात्रांचा भेद येथे शक्तीत नाही. शक्ती सर्वांची जवळजवळ तीच. भेद आहे तो रेषेत. दुसऱ्या भागातील मुंबॅटनच्या रेखनासाठी निर्मात्यांनी आधार घेतला तो इंद्रजाल कॉमिक्सच्या छपाईचा. ज्या स्वस्त कागदावर मराठी मुलांनी वेताळ वाचला, त्याच कागदाचे रंग अर्धशतकानंतर जगभरच्या पडद्यांवर गेले. (या कागदांवर पोसलेली मराठी चित्रकारांची पिढी हा स्वतंत्र विषय आहे. राम वाईरकर अमर चित्र कथेसाठी आणि प्रताप मुळीक दिल्लीच्या राज कॉमिक्समधील 'नागराज'साठी रेखाटत होते, आणि मराठी कलासमीक्षा दुसरीकडे पाहत होती.)

'स्पायडर-व्हर्स'मधील संघ म्हणून मूलतः वेगळा आहे. तो पांडवांचा संघ नाही, पाठभेदांचा आहे. एकच कथा (कोळ्याचा दंश, आप्ताचा मृत्यू, जबाबदारीची जाणीव) अनेक प्रतींत उतरली आणि त्या प्रती एका खोलीत जमल्या. पवित्र प्रभाकर ही त्यांतली एक प्रत. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो निर्माण केला. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला हा मुलगा धोतर नेसतो आणि त्याला शक्ती मिळते ती कोळ्याच्या दंशातून नव्हे, एका योग्याकडून. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर हे ध्वनिसाम्यावर बेतलेले नामांतर कानाला थोडे कृत्रिम लागते. मराठी कानाला तर 'प्रभाकर' हे आडनाव नव्हे, व्यक्तीचे नाव वाटते. पण किरणोत्सारी कोळ्याच्या जागी योगी येणे हे कारागिरीचे भाषांतर नाही. तो अस्सल पाठभेद आहे, कारण त्याने कथेची कारणमीमांसाच बदलली.

२०२३ च्या चित्रपटातील संघर्ष नेमका याच मुद्द्यावर उभा आहे. मिगेल ओहारा हा संघाचा प्रमुख सांगतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही प्रमाणघटना अटळ आहेत. त्यांतली एक म्हणजे जवळच्या पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू. ती टळली तर ते विश्वच कोसळेल. मायल्स मोरालेस हे मानत नाही. आणि प्रमाणघटना पहिल्यांदा मोडते ती मुंबॅटनमध्ये. पवित्रच्या प्रेयसीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरायला हवे होते. मायल्स त्यांना वाचवतो आणि नगरात एक काळे विवर उघडते. मिगेल ही संहितारक्षकाची भूमिका आहे, मायल्स ही पाठभेदाची. मराठी अभ्यासकाला या वादात आपल्या शास्त्रातील सर्वांत जुना वाद ऐकू यायला हवा.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची समीक्षित आवृत्ती ज्याने चाळली आहे, त्याला तिच्या पानाची रचना आठवत असेल : वर मोठ्या टाइपात निर्धारित संहिता, खाली बारीक टाइपात शेकडो हस्तलिखितांतील पाठभेद. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या या व्यवस्थेला शास्त्रीय महत्त्व निर्विवाद आहे. पण त्या पानात श्रेणीही आहे. पाठभेद तळघरात राहतात. 'स्पायडर-व्हर्स'मध्ये तळटीपा वरच्या मजल्यावर चढून आल्या आहेत आणि संहितेलाच विचारीत आहेत की तू आमच्यापैकी एक नाहीस कशावरून. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. रामकथेच्या अनेकत्वाविषयी ए. के. रामानुजन यांनी लिहिलेला, १९९१ मध्ये प्रकाशित झालेला निबंध दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून २०११ मध्ये वगळला गेला, तेव्हा मिगेलचीच भीती बोलत होती : एक घटना बदलू दिली तर विश्व कोसळेल.

मराठी परंपरेने या भीतीचे काय केले? पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. तेच एकनाथ 'भावार्थरामायणा'त वाल्मीकीची कथा मुक्तपणे विस्तारतात, नवे प्रसंग आणतात, नवे अर्थ काढतात. ही विसंगती नाही. एका कवीचे वचन आणि सर्वांची कथा यांत ते भेद करतात. वचनाला संहितेचे संरक्षण हवे. कथेला पाठभेदाचे स्वातंत्र्य. मोरोपंतांनी हे स्वातंत्र्य खेळाच्या टोकापर्यंत नेले. त्यांची अष्टोत्तरशत रामायणे म्हणजे एकाच कथेची एकशे आठ बंधनांतील रूपे. ओष्ठ्य वर्ण टाळणारे निरोष्ठ रामायण, 'परंतु' हा शब्द गुंफत जाणारे परंतु रामायण. मोरोपंतांवर पांडित्यप्रदर्शनाचा आरोप करण्याची प्रथा आहे आणि तो आरोप पुष्कळ अंशी खराही आहे. पण कथा ठाऊक असलेल्या श्रोत्याला तिचे नवे रूप ऐकण्यातच अधिक आनंद असतो, हे त्यांनी जाणले होते. मिगेल ओहाराची चूक या तुलनेत स्पष्ट होते. तो कथेला वचनासारखे वागवतो.

आकर्षणाच्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते असे वाटते. एकट्या नायकाच्या कथेत पाठभेद दिसत नाही. तो दिसण्यासाठी दोन प्रती शेजारी ठेवाव्या लागतात. संघ म्हणजे ही शेजारची मांडणी. ओळखीचे आणि अनोळखी एकाच चौकटीत दिसण्याचा तो आनंद आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर राजपुत्राची पुनरावृत्ती काळ सांगत होती; येथे नायकाची पुनरावृत्ती शक्यता सांगते. आणि ब्रुकलिनमधला कृष्णवर्णी-प्वेर्तोरिकन मुलगा आणि मुंबॅटनचा पवित्र हे दोघे मूळ प्रतीइतकेच अधिकृत आहेत, असे चित्रपट म्हणतो तेव्हा ज्यांच्या प्रती आजवर तळटीपेत राहिल्या, त्या प्रेक्षकांना तो आपला वाटणे स्वाभाविक आहे.

मराठी आवृत्तीच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. मूळ इंग्रजी चित्रपटात पाठभेद बोलीतही आहे. पवित्रचे इंग्रजी मायल्सच्या इंग्रजीहून वेगळे. चहाला दोनदा चहा म्हणणाऱ्या परक्याची पवित्र थट्टा करतो, ती त्या फरकावर उभी आहे. मराठीत ब्रुकलिन आणि मुंबॅटन दोघेही मराठी बोलू लागले की विनोदाचा पाया निसटतो. त्या नगराला खऱ्या मुंबईतली मराठी देता आली असती, आणि ब्रुकलिनला दुसरी कोणती तरी. आपल्या भाषेत बोलींची कमतरता नाही. कमतरता आहे ती चित्रपटाच्या भाषांतराला साहित्यव्यवहार मानण्याची.

याहून गंभीर गोष्ट हक्काची आहे. मालू कवीला नाथांच्या कथा सांगण्यासाठी कोणाची अनुमती घ्यावी लागली नाही, पिंगुळीच्या कथेकऱ्याला रावणाचे चित्र काढताना परवाना लागला नाही. पवित्र प्रभाकर जन्मला तो मार्व्हेलच्या परवान्याने. चित्रपटाचे हक्क सोनीकडे. अनंत पाठभेदांचा उत्सव करणाऱ्या या कथेचा प्रत्येक पाठभेद कोणाच्या तरी मालकीचा आहे. मायल्सने मिगेलविरुद्ध केलेले बंड पडद्यावर कितीही खरे वाटले, तरी पडद्याबाहेर प्रमाणघटना ठरवण्याचा अधिकार करारपत्रांकडेच राहतो. फुलंब्रीच्या शाळेतील एखाद्या मुलीने वहीत आपल्या गावचा स्पायडर-मॅन काढला, तर ती चित्रकथीच्या परंपरेत बसते. छापला, तर नाही.

एकनाथांचे 'भावार्थरामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी थांबले. पुढचा भाग त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने रचला आणि पोथी एकच म्हणून वाचली गेली. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ही कथा अर्ध्यावर सोडून संपतो. मायल्स चुकीच्या विश्वात अडकलेला आहे, त्याच्या सुटकेसाठी ग्वेनने जमवलेला मेळा नुकताच निघाला आहे. त्या मेळ्यात पवित्र प्रभाकरही आहे.